मुलांच्या मनातली काळजी: ती वाढते कशी, उतरते कशी

रविवारी संध्याकाळी मुलाचं पोट दुखायला लागतं. सोमवारी सकाळी मळमळतं, डोळे भरून येतात, अंथरुणातून उठवत नाही. ‘बरं, आज नको जाऊस शाळेत’ असं म्हटलं की तासाभरात तेच मूल खेळायला लागतं. घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, ‘सोंग आहे सगळं.’ बहुतेक वेळा ते सोंग नसतं. पोट खरोखर दुखत असतं आणि ते थांबतंही खरोखर. दोन्हींमागे एकच यंत्रणा आहे. ती नीट कळली, तर घरात काय करायचं आणि काय करायचं थांबवायचं, हे ठरवणं पुष्कळ सोपं जातं.

पोट का दुखतं?

मेंदूत ॲमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो. धोक्याची नुसती शंका आली तरी तो शरीराला इशारा देतो. विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग त्यानंतर कामाला लागतो. इशारा मिळताच ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायू ताठतात. रक्त पोटाकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. पोटात गोळा येतो, मळमळतं ते त्यामुळे. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे गरगरतं आणि बोटांना मुंग्या येतात. गाडी अंगावर येत असो की गणिताचा पेपर समोर असो, शरीराची तयारी तीच. मोठ्यांमध्ये पुढचा मेंदू या गडबडीला लवकर आवरतो. मुलांमध्ये तो अजून घडत असतो, साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून ‘जरा डोकं वापर’ हा सल्ला ऐन भीतीच्या क्षणी मुलाच्या कामाचा नसतो.

हे मुलाला सांगावं, आणि ते शांत असताना सांगावं. सहा वर्षांच्या मुलालाही एवढं कळतं: ‘तुझं शरीर पळायची तयारी करतंय, म्हणून पोटात असं होतंय. याने काही इजा होत नाही. थोड्या वेळाने ते आपोआप निवतं.’ पुष्कळ मुलांना पोटदुखीपेक्षा ‘मला काहीतरी मोठं झालंय’ हाच विचार जास्त छळतो. तो गेला तरी निम्मा भार उतरतो.

मात्र पोटदुखी किंवा डोकेदुखी वारंवार होत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, वजन घटणं, ताप, शौचातून रक्त ही मनातल्या काळजीची लक्षणं समजून सोडून देऊ नका, ती डॉक्टरांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही, तर त्याच त्याच तपासण्या पुन्हा पुन्हा करू नयेत. प्रत्येक नव्या तपासणीतून मुलाला एवढंच कळतं की मोठ्यांनाही काहीतरी गंभीर वाटतंय.

कोणती भीती वयाची, कोणती जास्तीची

सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला पाहून रडतं. दीड वर्षापर्यंत आई-बाबा नजरेआड झाले की आकांत होतो. तीन ते सहा वर्षांत अंधार, राक्षस, प्राणी. शाळेच्या वयात मरण, आजारपण, अपघात, परीक्षा. किशोरवयात ‘लोक माझ्याबद्दल काय म्हणतील’. हा क्रम जवळजवळ सगळ्याच मुलांमध्ये दिसतो आणि त्यातली बरीचशी भीती उपायाविना मागे पडते.

प्रश्न भीती कशाची आहे, यापेक्षा ती मुलाच्या आयुष्यातली किती जागा अडवते हा आहे. कुत्र्याला घाबरणारं मूल लांबून वळसा घालून जात असेल तर फारसं बिघडत नाही. तेच मूल कुत्रा भेटेल म्हणून घराबाहेरच पडत नसेल तर बिघडलेलं आहे. झोप, शाळा, जेवण, मित्र यांपैकी एक जरी गोष्ट काही आठवडे विस्कटली असेल तर लक्ष घालायची वेळ झाली.

अतिकाळजी करणारं मूल नेहमी घाबरलेलं दिसतं असंही नाही. काही मुलं चिडतात, वस्तू आपटतात, सकाळी बूट घालण्यावरून भांडण काढतात. काही जण अक्षर नीट आलं नाही म्हणून पान पुन्हा पुन्हा फाडतात. वर्गात कधीच त्रास न देणारं, सगळं वेळेवर आणि बिनचूक करणारं मूल तर कुणाच्या नजरेतच येत नाही. ते घरी आल्यावर मात्र कोसळतं.

भीतीला खतपाणी कोण घालतं?

या सगळ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच भीती पक्की होते. मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ मध्ये हे मांडलं आणि आजच्या उपचारांचा पाया अजूनही तोच आहे. शाळा टळली, पोट थांबलं. मेंदूने हिशेब जुळवला: शाळा धोक्याची होती, घरी राहिलो म्हणून वाचलो. शाळेत गेलं असतं तरी अर्ध्या तासात पोट थांबलं असतं, हे त्या मेंदूला कधी पाहायलाच मिळालं नाही. पुढच्या सोमवारी पोट जास्त जोरात दुखतं.

हे टाळणं मुलं एकट्याने करत नाहीत. घरातली माणसं प्रेमापोटी त्यात सामील होतात. दुकानदाराने विचारलं की मुलाच्या वतीने आपणच उत्तर देतो. मूल झोपेपर्यंत शेजारी पडून राहतो. त्याला नको म्हणून पाहुण्यांना बोलावणं बंद करतो. यातला सगळ्यात न दिसणारा प्रकार म्हणजे पुन्हा पुन्हा धीर देणं.

रात्रीचे दहा वाजलेत असं समजा. ‘आई, उद्या तू मला घ्यायला येशील ना?’ ‘हो, येईन.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’ ‘आणि उशीर झाला तर?’ ‘नाही होणार उशीर.’ ‘पण गाडी बंद पडली तर?’ ‘तर बाबा येतील.’ ‘आणि बाबांचा फोन लागला नाही तर?’ प्रत्येक उत्तराने मुलीला मिनिटभर बरं वाटतं आणि लगेच पुढचा ‘तर’ उगवतो. उत्तरं चुकीची नाहीत. पण ती मिळत राहिली की मुलीला इतकंच उमगतं की खात्री मिळाल्याशिवाय झोपता येत नाही, आणि खात्री आईकडेच मिळते. अनिश्चितता सोसायचा सराव तिला एकदाही मिळत नाही.

मग म्हणायचं काय?

‘घाबरायचं काय त्यात?’ हे वाक्य कामाचं नाही, कारण त्याने मूल घाबरायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं. ‘बरं, मग नको जाऊस’ हेही नाही. उपयोगी वाक्याला दोन भाग लागतात. पहिल्या भागात भीती खरी आहे हे मान्य करायचं, दुसऱ्यात ती तुला पेलवेल हा भरवसा द्यायचा. ‘उद्याचा विचार करून पोटात गोळा येतोय, कळतंय मला. कठीण आहे हे. आणि तुला जमेल, याची मला खात्री आहे.’ बस, एवढंच. पहिला भाग गाळला तर ते दटावणं होतं, दुसरा गाळला तर नुसती कीव. ‘काही वाईट होणार नाही’ असं वचन यात नाही, हे मुद्दाम पाहा. ते वचन कुणालाच देता येत नाही, आणि मुलांना ते कळतं.

वरच्या संभाषणात पहिल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यावं: कोण, किती वाजता, कुठे. तीच माहिती पुन्हा मागितली तर शांतपणे, ‘याचं उत्तर तुला माहीत आहे. हा काळजीचा प्रश्न आहे, मी त्याला उत्तर देणार नाही. तू ही हुरहुर सोसू शकतेस.’ आवाज मऊच ठेवायचा. रागाने म्हटलं तर मुलीला ती शिक्षा वाटते.

आपला हातभार कमी करताना

सगळं एकदम बंद करू नका. मुलाच्या भीतीपायी तुम्ही आठवडाभरात काय काय करता, याची कागदावर यादी करा. त्यातली रोज घडणारी, आणि तुमच्या हातात असलेली एकच गोष्ट निवडा. ‘मूल ओरडणार नाही’ हे तुमच्या हातात नाही. ‘मी दिवा मालवून खोलीबाहेर येईन’ हे आहे. मग भीतीची वेळ नसताना, दिवसाढवळ्या मुलाला आधी सांगा: आजपर्यंत काय करत होतो, सोमवारपासून काय बदलणार, आणि का.

पहिले काही दिवस प्रकरण बिघडल्यासारखं दिसेल. रडणं वाढेल, विनवण्या वाढतील, ‘तुझं माझ्यावर प्रेमच नाही’ हेही ऐकावं लागेल. आजवर ज्याने काम व्हायचं ते होईनासं झालं की मूल आधी तेच जास्त जोर लावून करून पाहतं. बहुतेक घरं इथे माघार घेतात, आणि खरं नुकसान होतं ते इथेच. चार दिवस नाही म्हणून पाचव्या दिवशी हो म्हटलं, तर मूल शिकतं की पाच दिवस रेटलं पाहिजे. अधूनमधून मिळणाऱ्या सवलतीने सवय सर्वांत चिवट होते. म्हणून जेवढं निभावेल तेवढंच ठरवा आणि निदान दोन-तीन आठवडे त्यावर ठाम राहा. घरातले सगळे मोठे एकाच सुरात बोलायला हवेत. आईने दिवा मालवायचा आणि आजीने हळूच लावायचा, असं चालणार नाही.

मुलाशी न बोलता फक्त पालकांशी काम करून भीती कमी होऊ शकते का, याचा अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सात ते चौदा वयाच्या १२४ मुलांवर अभ्यास झाला. पालकांना दिलेलं हे प्रशिक्षण मुलांवरच्या प्रत्यक्ष उपचारांच्या तोडीस तोड ठरलं. मूल समुपदेशकाकडे यायला तयार नसेल तरी दार बंद होत नाही, हा त्याचा अर्थ.

भीतीची शिडी

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुकल्या मुलावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. मुलगा आवडीचं काही खात असताना ससा पिंजऱ्यातच, लांबवर ठेवायचा, आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. अखेर मुलगा सशाला कुरवाळू लागला. आजची पद्धत याच वाटेने जाते, फक्त आता पायऱ्या मुलाला सोबत घेऊन ठरवतात.

भीतीला ० ते १० गुण द्यायला मुलाला शिकवा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. मग आठ-दहा पायऱ्या लिहा. वर्गात बोलायला घाबरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची शिडी अशी होऊ शकते, कंसात तिने दिलेले गुण:

- घरी एका माणसासमोर एक उतारा मोठ्याने वाचणं (२)
- तोच उतारा तीन-चार नातेवाइकांसमोर वाचणं (३)
- हजेरीला मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं ‘हजर’ म्हणणं (३)
- तास संपल्यावर बाईंना एकटीने जाऊन एक शंका विचारणं (४)
- उत्तर आधीच तयार असलेल्या प्रश्नाला हात वर करणं, बाईंशी तसं ठरवून (५)
- जागेवर उभं राहून दोन ओळी वाचणं (६)
- तयारी नसलेल्या प्रश्नाला हात वर करणं (७)
- मुद्दाम एक चुकीचं उत्तर देणं (८)
- वर्गासमोर एक मिनिट बोलणं (९)

मुद्दाम चूक करण्याची पायरी वाचून पालक दचकतात, पण आमच्या मते ती सगळ्यात मोलाची आहे. ‘चुकलं तर सगळे हसतील आणि मग काही खरं नाही’ ही भाकितं बरोबर उत्तरं देऊन कधीच तपासली जात नाहीत. प्रत्येक पायरीआधी विचारा, ‘काय होईल असं वाटतं?’ मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहा. नंतर विचारा, ‘प्रत्यक्षात काय झालं?’ हा फरक डोळ्यांना दिसला पाहिजे. दोघी हसल्या आणि दोन मिनिटांत विसरून गेल्या, हेही मोठं शिकणं आहे.

आठवड्यातून तीन-चार वेळा तरी सराव हवा. महिन्यातून एकदा केलेल्या धाडसाने काही बदलत नाही. एक पायरी कंटाळवाणी होईपर्यंत करावी आणि मग वर चढावं. मधे मोठी सुट्टी पडली तर दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरुवात करावी लागते. यात अपयश नाही.

शिडी फसते ती बहुधा ठरलेल्या कारणांनी. पहिलीच पायरी सहा-सात गुणांची घेतली. भीती शिखरावर असताना मुलाला बाहेर काढलं, त्यामुळे ‘पळालो म्हणून वाचलो’ हाच धडा पुन्हा गिरवला गेला. मुलाने हळूच आधार धरून ठेवला: पाण्याची बाटली हातात असेल तरच, आई दारात दिसत असेल तरच. असे आधार सुरुवातीला चालतात, पण ते कधी सुटणार तेही शिडीवर लिहायला हवं. आणि बक्षीस न घाबरण्याला दिलं. कौतुक घाबरूनही केल्याचं करायचं असतं, तेही लगेच आणि नेमकं: ‘आवाज थरथरत होता, तरी तू दोन्ही ओळी वाचल्यास.’

श्वास, विचार आणि झोप

श्वासाचा व्यायाम सगळे सुचवतात, पण अर्धवट सांगतात. ‘मोठा श्वास घे’ म्हटलं की घाबरलेलं मूल भराभर मोठे श्वास घेतं आणि जास्त गरगरतं. भर श्वास सोडण्यावर हवा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. तीन मोजेपर्यंत नाकाने आत, पाच मोजेपर्यंत ओठांचा चंबू करून बाहेर, दोन मिनिटं. लहानांना साबणाचे फुगे फुंकायला द्या. घाईने फुंकलं तर फुगा फुटतो, तेवढं शिकवणं पुरे. सराव रोज, शांत वेळी. घाबरल्यावर पहिल्यांदा शिकवायला गेलं तर काही उपयोग नाही. आणि भीती घालवण्यासाठी म्हणून नव्हे, पायरीवर टिकून राहण्यासाठी याचा वापर करायचा.

‘तो विचारच मनात आणू नकोस’ हे सांगणं उलटतं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल मनात येतच राहिलं. त्यापेक्षा काळजीला वेळ ठरवून द्या: रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं, झोपेच्या तासभर तरी आधी. दिवसभरात आलेली काळजी एका ओळीत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची आणि ठरलेल्या वेळी उघडायची. काही चिठ्ठ्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांवर एकच प्रश्न विचारायचा: याबद्दल उद्या काही करता येईल का? करता येत असेल तर पहिलं पाऊल लिहायचं. येत नसेल तर ‘माहीत नाही, बघू’ म्हणून चिठ्ठी परत डब्यात. साधारण सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना हे जमतं. त्याहून लहानांशी विचारांवर वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी खेळ आणि शिडी.

अपुऱ्या झोपेने हे सगळं अवघड होतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोप लागते.

शाळेत जाणंच बंद झालं असेल तर

इथे घाई करावी लागते. घरी राहिलेला प्रत्येक दिवस परतणं अवघड करतो: अभ्यास साचतो, मित्र ‘कुठे होतास?’ विचारतात. पण आधी खरं कारण शोधा. कुणी छळतंय का, वाचायला-लिहायला मुळातच अडचण आहे का, एखाद्या मोठ्या माणसाची भीती आहे का. खरा धोका असेल तर शिडी लावायची नसते, धोका दूर करायचा असतो. तसं काही नसेल तर शाळेशी बोलून एका तासापासून सुरुवात करा. दारात कोण घेईल, घाबरल्यावर पाच मिनिटं कुठे बसता येईल आणि परत वर्गात कसं जायचं, हे आधी ठरवा. घरी फोन करून न्यायला बोलावण्याची सोय शक्यतो ठेवू नका. आणि घरी राहिलेला दिवस सुट्टीसारखा जाऊ देऊ नका. शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाइल बंद, पुस्तकं उघडी.

तज्ज्ञांकडे कधी, आणि तिथे काय

महिनाभर प्रयत्न करूनही शाळा, झोप किंवा जेवण रुळावर येत नसेल, घरी बोलणारं मूल बाहेर महिनाभराहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, हात धुणं किंवा तपासून पाहणं थांबत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा मुलांसोबत काम करणारे मानसशास्त्रज्ञ गाठा. मूल मरणाची भाषा बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याच दिवशी. त्याला एकटं सोडू नका, आणि स्वतःला संपवायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत.

उपचारांचा उपयोग होतो, हे नीट तपासलेलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत सात ते सतरा वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर, संज्ञानात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी सत्रं) आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं चांगली सुधारली. फक्त उपचारसत्रं मिळालेल्यांत सुमारे ६०, फक्त औषधाने ५५ आणि औषध नसलेल्या गोळीने २४ टक्के. म्हणून साधारणपणे सुरुवात सत्रांनी होते आणि त्रास तीव्र असेल तर औषधाची जोड देतात. या प्रकारच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. काही मुलांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिल्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवावं लागतं. बरं वाटलं म्हणून ती एकदम बंदही करायची नाहीत.

पहिल्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या: भीती कधी आली, आधी काय झालं, मुलाने काय केलं, तुम्ही काय केलंत, किती वेळाने ओसरली. त्यातला चौथा रकाना भरताना हात आखडू नका, तज्ज्ञांना सर्वांत जास्त तोच कामी येतो. तिथे दोन गोष्टी जरूर विचारा: मुलाला भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेणं या उपचारात कधी सुरू होणार, आणि दोन सत्रांच्या मधे घरी आम्ही नेमकं काय करायचं. सत्रांमागून सत्रं नुसत्या गप्पांत आणि चित्रं काढण्यात जात असतील, तर कारण विचारा, आणि ते पटलं नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.